मिठाला पुरून उरलेली टोपली

गणपती गेले की आमचं पेण घसा बसल्यासारखं गप्प होतं. आषाढ-श्रावणात इथे श्वास घ्यायला कोणाला सवड नसते. हमरापूरपासून पेणच्या बोळांपर्यंत घराघरांत मूर्ती वाळत असतात, रंगत असतात, आणि माझ्या रंगांच्या दुकानात पिवळा संपला, गुलाबी आला का, सोनेरी कधी येणार, असा एकच गजर चालू असतो. मग शेवटचा टेम्पो जातो. भाद्रपद सरतो. दुकानात मी आणि पंखा, एवढेच उरतो.

पाऊस ओसरल्यावरचं हे ऊन मला लहानपणापासून आवडतं. लोक त्याला ऑक्टोबर हीट म्हणून नावं ठेवतात, पण त्यात एक कोरडेपणा असतो, चार महिने ओलीत राहिलेल्या भिंतींना तो हवाच असतो. वरच्या अंगाची लवकर तयार होणारी हळवी भातं पिवळी पडतात. बांधावरचा तेरडा सुकतो. रस्त्यावर चतुर थव्याने उडतात आणि गिरणीच्या बाजूने पोह्यांसाठी भाजलेल्या नव्या भाताचा वास येतो. आज सकाळी शटर वर केलं तर तोच वास आत शिरला. दुकानामागे रंगाच्या रिकाम्या बादल्यांचा ढीग नेहमीसारखाच होता. त्याच्याकडे बघत मी चहा प्यायले आणि मला यमुनाकाकींचं ते वर्ष आठवलं.

करोना सरून थोडा काळ झाला होता. अशीच सुनी दुपार. मी गल्ल्यावर बसून पेंगत होते. दारात एक बाई उभी राहिली. वय साठीच्या पुढचं, लुगडं गुडघ्याच्या जरा खाली, कासोटा घट्ट, खांद्याला नायलॉनची मोठी पिशवी.

"रंगवाली तूच काय गो?"

"हो, मीच. काय देऊ काकी?"

"रंग नको मना. त्या मागं बादल्या टाकल्यास, त्यांच्या कड्या काढून नेऊ काय?"

कड्या म्हणजे बादली उचलायची तारेची मूठ. भंगारवाला बादल्या नेतो, कड्यांसकट. नुसत्या कड्या मागायला आलेलं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. कशाला हव्यात, असं विचारल्यावर त्यांनी पिशवीतून एक टोपली काढून गल्ल्यावर ठेवली.

ती टोपली बघून माझी पेंग उडाली. पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची, उथळ, तोंडाला रुंद, काठाला दुहेरी वळण दिलेली. कंपन्यांतून माल भरलेल्या खोक्यांवर ज्या प्लास्टिकच्या पट्ट्या आवळतात, त्या पट्ट्या. पण घाट मात्र जुना, माझ्या ओळखीचा. लहानपणी बाबांबरोबर खाडीकडे जायचे तेव्हा मिठागरातल्या बाया अशाच टोपल्या डोक्यावर घेऊन एकामागून एक चालताना दिसायच्या. वाफ्यातून मीठ भरायचं आणि बांधावरच्या राशीवर नेऊन ओतायचं. उन्हात ती रास इतकी पांढरी दिसायची की डोळे मिटून घ्यावे लागत.

"ही आगरातली टोपली आहे," मी म्हटलं.

काकींचा चेहरा एकदम उजळला. "वलखलीस! पेणात कोण वलखत नाय आता."

मग त्या बसल्या. मी चहा मागवला. यमुनाकाकींचं गाव पेणच्या खालच्या अंगाला, खाडीच्या काठावर. त्यांची सगळी उमर मिठागरात गेली. नवऱ्याची थोडी भातशेती होती. पुढे आगरं एकेक करून बंद पडली. मग एका पावसाळ्यात उधाणाने गावाचा बाहेरचा बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं ते परत गेलंच नाही. नवरा वारला. एकुलती मुलगी वैशाली रोह्याला दिलेली, म्हणजे कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमीला. तिने आईला आपल्याकडे नेलं. जावई नरेश कंपनीत, पॅकिंग खात्यात.

"बसून काय करू? लेक सांगते, टीव्ही बघ. टीव्हीत सगली भांडतात," काकी म्हणाल्या. "कंपनीच्या भंगारवाल्याची गाडी आमच्या दारावरनं जाते. त्याच्यात या पट्ट्या बघितल्या. हातात घेतली नि वाटलं, अगो, ही तर बांबूच्या बेळापेक्षा गुणाची हाय."

बांबूची टोपली मीठ खाऊन टाकायचं. हंगाम संपायच्या आत तिचा तळ कुजायचा. बाया दुपारच्या भाकरीनंतर सावलीत बसून टोपल्या दुरुस्त करायच्या. काकी त्यात तरबेज होत्या. आता त्यांनी तोच घाट पट्ट्यांत उतरवला होता. "हिला मीठ खात नाय," त्या टोपलीवर थाप मारत म्हणाल्या. मोठ्या टोपल्यांना धरायला मूठ हवी होती, त्यासाठी माझ्या बादल्यांच्या कड्या. मूर्तींच्या हंगामात पेणात रंगाच्या बादल्यांचा खच पडतो हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून दिवा-रोहा गाडीने त्या आल्या होत्या.

मी कड्या दिल्या आणि म्हटलं, एवढ्या टोपल्या करून ठेवणार कुठे? माझं एक फळकूट रिकामं आहे. ठेवून बघू या, कोणी घेतंय का.

विकणं ही काही मोठी विद्या नाही असं मला वाटायचं. वडील गेल्यापासून मीच दुकान चालवत होते. पण रंग घ्यायला येणारा माणूस रंग घ्यायचं ठरवूनच येतो. टोपलीचं तसं नव्हतं. लोक बघायचे, उचलायचे, कौतुक करायचे. मग विचारायचे, "कशाची आहे?"

"कंपनीच्या पट्ट्यांची."

"अच्छा, म्हणजे भंगाराची." आणि टोपली हळूच खाली ठेवली जायची. एक बाई तर म्हणाल्या, "छान आहे हो, पण केमिकल वगैरे लागलेलं नसेल ना?" मी टोपली फडक्याने पुसून पुन्हा फळीवर ठेवली. काही लोक घेऊनही जायचे, पण वर्गणी दिल्यासारखा चेहरा करून. "गरीब बाई आहे ना, घेऊ या एक." अशी नेलेली टोपली माळ्यावर जाणार हे मला कळत होतं. काकींनाही कळलं असावं. एकदा एका गिऱ्हाइकासमोर त्या पटकन म्हणाल्या, "गरीब म्हनून नको घेऊ गो. कांदे ठेवायला पायजेत तर घे." गिऱ्हाईक ओशाळलं आणि न घेताच गेलं. काकी मला म्हणाल्या, "गेलं तर गेलं." पण त्यांचा हात मांडीवरच्या टोपलीच्या काठावरून नुसताच फिरत राहिला.

त्या दिवसांत मला एक सवय लागली. चालताना सारखी खाली नजर जायची. रस्त्याकडेला, दुकानांच्या मागे, स्टेशनच्या फलाटावर पडलेल्या पट्ट्या दिसायच्या. आपण किती वस्तू न बघता जगत असतो. ज्या पट्टीने खोकं मुंबईहून पेणला सुखरूप आलं, ती खोकं उघडताक्षणी कापून फेकायची, हा आपला रिवाज. तिच्या अंगात अजून कितीतरी वर्षांचा जोर शिल्लक असतो. काकींकडे बघतानाही मला तेच वाटायचं. पण हे मी त्यांना बोलून दाखवलं असतं तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं, म्हणून बोलले नाही.

नवरात्र संपता संपता एका सकाळी काकी आल्या त्या बोचकं घेऊन. चेहरा उतरलेला.

"गावाला चाललेय," त्या म्हणाल्या. "घर उघडते. तिथंच र्‍हाईन."

काय झालं ते मी विचारत गेले तसं थोडंथोडं बाहेर आलं. काकी भंगारवाल्याच्या गाडीशी उभ्या राहून पट्ट्या निवडत होत्या आणि त्याच वेळी कंपनीची शिफ्ट सुटली. नरेशच्या सोबत्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी म्हणालं, "काय नरेश, पगार पुरत नाय काय? सासू भंगार वेचते तुझी." सगळे हसले. नरेश घरी आला तो तडक गॅलरीत गेला. तिथे पट्ट्यांचा ढीग होता. वैशालीला म्हणाला, "उद्यापास्नं हा कचरा मना घरात दिसता कामा नाय." सासूला तो एक शब्द बोलला नाही. पण भिंती पातळ. काकींनी ऐकलं आणि सकाळी बोचकं बांधलं.

"जावय वाईट नाय माझा," त्या मला दोनदा म्हणाल्या. "आजारी पडले तवा रातभर उशाशी बसला होता. त्याला लोकं बोलली गो. लोकं बोलली की माणूस घरच्यांवर चिडतो."

मी त्यांना थांबा म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार होते? टोपल्या करा, मी विकते, असं मीच म्हटलं होतं.

कोजागिरीनंतर मी त्यांच्या गावाला गेले. कड्यांची एक जुडी नेली, खरं तर ते निमित्त होतं. मिनीडोर रिक्षा गावाच्या वेशीपर्यंत जाते, पुढे बांधावरून चालायचं. भरतीची वेळ होती. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पूर्वीची शेतं. जिथे भात डोलायचं तिथे आता खारफुटीची तिवरं उगवली होती, त्यांच्या मुळांमधून पाणी चमकत होतं. आकाश स्वच्छ, निळं. दिसायला इतकं सुंदर की वाईट वाटायलाही वेळ लागला. पेणला परतीच्या पावसाच्या आत भात घरात यावं म्हणून लोकांची पळापळ चालली होती. या गावात कापायलाच काही नव्हतं. माणसं ओटीवर बसून होती.

काकींच्या ओटीवर मात्र चार-पाच बाया गोळा झाल्या होत्या. शेजारची बेबी त्यात पुढे. काकी आल्या आणि विणायला बसल्या, तशा या बायाही आल्या. सगळ्या जुन्या आगरातल्याच. हात बसलेले होते, बोटं विसरली नव्हती. पण काकींनी आणलेल्या पट्ट्या लवकरच संपल्या. मग बायांनी दुधाच्या पिशव्या कापून बघितल्या, सिमेंटच्या गोणीचे धागे काढून बघितले. त्या टोपल्या ओल्या पापडासारख्या लवत होत्या. शेवटी बेबीने नागोठण्याच्या बाजूच्या कुठल्या भंगारवाल्याकडून निळ्या पट्ट्यांचा गठ्ठा आणला होता. आता ओटीवर निळ्या टोपल्यांची उतरंड लागली होती. दिवाळीला विकायच्या म्हणून बाया जोरात कामाला लागल्या होत्या.

"झ्याक दिसतात ना?" बेबीने विचारलं. दिसत होत्याही.

एवढ्यात अंगणात मोटरसायकल थांबली. नरेश. उंच, सडपातळ, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. काकींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"बसा जावयबापू."

तो ओटीच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "वैशालीने पाठवलाय. दिवाळीला घरी चला, आई."

"येईन ना," काकी म्हणाल्या. "दोन दिवस येईन. मग हिकडं परत."

"कायमचं चला."

"माझ्या पट्ट्यांचं काय?"

नरेशने तांब्या उचलून पाणी घेतलं. मला वाटलं, आता इथून उठावं, हे घरचं बोलणं आहे. पण बेबीला असला संकोच नव्हता. तिने एक निळी टोपली उचलून सरळ त्याच्या मांडीवर ठेवली.

"तुमी पॅकिंगमधे ना जावयबापू? मग सांगा, ही पट्टी काठाला का चिरते? पांढरी नाय चिरत ती."

नरेशने टोपली हातात घेतली. पट्टी वाकवली, उन्हात धरली, नाकाशी नेली. त्याच्या चेहऱ्यावरचा अवघडलेपणा गेला आणि कपाळाला आठी पडली.

"ही कुठनं आणली?"

बेबीने सांगितलं.

"ही खोक्यावरची नाय," तो म्हणाला. "ड्रमवरची हाय. ड्रम गळतात, सांडतात, त्याच्यातलं ह्या पट्टीला लागतं. धुतली तरी जाईलच असा नेम नाय. ही घेऊ नका. आमी ही हातमोज्याशिवाय धरत नाय."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कितीतरी दिवसांचं काम ओटीवर रचलेलं होतं. बेबी म्हणाली, "वास तर येत नाय. शोभेच्या म्हनून विकू. फुलं ठेवतील लोकं."

यमुनाकाकी उठल्या. आतून कोयती घेऊन आल्या आणि वरच्या निळ्या टोपलीचा काठ त्यांनी एका झटक्यात तोडला.

"अगो काकी!"

"फुलं ठेवतील नि उद्या भाकरी ठेवतील," काकी म्हणाल्या. "आपन काय त्यांच्या घरात बघाया जाणार? आमच्या हातचं मीठ लोकांनी डोले मिटून खाल्लं. टोपलीपण तशीच घेता आली पायजे."

त्यांनी दुसरी घेतली. मग तिसरी. बेबी आधी रडवेली झाली, मग चिडली, मग तीही सुरी घेऊन बसली. ते बघवत नव्हतं. सुबक विणलेली वस्तू मोडताना जो आवाज येतो तो कपडा फाडल्यासारखा नसतो, वाळकं लाकूड मोडल्यासारखा असतो. माझ्या दुकानात केमिकलचं विचारणाऱ्या त्या बाईंची मला आठवण झाली. त्यांच्या प्रश्नाला मी उत्तर शोधायला हवं होतं. ते इथे, या ओटीवर, असं मिळत होतं.

नरेश बसल्या जागेवरून सासूकडे बघत होता. सगळ्या टोपल्या मोडून झाल्यावर त्याने त्या पट्ट्या स्वतः गोणीत भरल्या आणि गोणीचं तोंड आवळलं. म्हणाला, "ह्या कंपनीच्या कचऱ्यात जातील, तिथं त्यांची वेगली सोय हाय." मग मोटरसायकलला गोणी बांधताना, आमच्याकडे पाठ करून, म्हणाला, "खोक्यावरच्या पट्ट्यांचं मी बघतो."

त्याने काय बघितलं ते मला पुढे वैशालीकडून कळलं. तो आपल्या साहेबाकडे गेला आणि विचारलं, खोक्यांच्या कापलेल्या पट्ट्या मी नेल्या तर चालतील का. साहेब म्हणाले, न्या, पण आमच्या डोळ्यांसमोर निवडून न्या. मग रोज शिफ्ट संपल्यावर हा गडी थांबायचा. पांढऱ्या वेगळ्या, पिवळ्या वेगळ्या, हिरव्या वेगळ्या. हिरवी पट्टी कडक असते, बोट कापते, ती तळाला वापरा, असा निरोपही गठ्ठ्याबरोबर यायचा. सोबत्यांनी पुन्हा चेष्टा केलीच. "काय, आता तू पण वेचायला लागलास?" तेव्हा नरेश म्हणाला, "माझ्या सासूची कंपनी हाय. तिला कच्चा माल लागतो."

हे सांगताना वैशाली इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी एकदा नरेशला विचारलं होतं, त्या दिवशी तुमचं मन कशाने बदललं? मला वाटत होतं, तो सासूच्या कष्टांबद्दल किंवा अभिमानाबद्दल काही बोलेल. तो म्हणाला, "मॅडम, ती निळी टोपली कोणाच्या घरी गेली असती तर?" एवढंच. पण मला दुसरंही काही वाटतं. नरेश कितीतरी वर्षं त्या पट्ट्या आवळत होता. त्यातलं त्याला जे कळत होतं ते आजवर कोणी विचारलं नव्हतं. बेबीने विचारलं. माणसाला आपल्याला काय येतं हे सांगायची संधी मिळाली की त्याची लाज कुठे जाते कोण जाणे.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही वडखळला बसायचं ठरवलं. गोव्याच्या हमरस्त्यावरून अलिबागचा रस्ता फुटतो तिथे मुंबईच्या गाड्यांची रीघ असते. ओळखीच्या एका हॉटेलवाल्याने शेडची कड दिली. बोर्डावर काय लिहायचं यावरून माझं आणि काकींचं जुंपलं. माझं म्हणणं, टाकाऊ पट्ट्यांपासून बनवलेल्या, असं ठळक लिहू. मुंबईच्या लोकांना त्याचंच कौतुक असतं.

"टाकाऊ कशाला लिवायचं? टोपली लिव," काकी म्हणाल्या.

"टोपली तर दिसतेच आहे."

"मग बोर्डच कशाला पायजे?"

शेवटी बेबीने तोड काढली. बोर्डाच्या एका बाजूला मी माझं लिहिलं, दुसऱ्या बाजूला नुसतं 'टोपल्या'. मुंबईची गाडी थांबली की एक बाजू, पेण-अलिबागची एसटी थांबली की दुसरी. बेबी ते इतक्या सफाईने फिरवायची की मला हसू आवरेना. आणि खरं सांगायचं तर दोघींचंही बरोबर होतं. मुंबईचे लोक बोर्ड वाचून थांबत. आपल्याकडचे लोक वस्तू हातात घेऊन, तळ दाबून बघत.

पण थांबणं वेगळं आणि घेणं वेगळं. दुपारपर्यंत टोपल्या फार हलल्या नव्हत्या. उकाडा असा की अंगाला अंग लागू नये. पूर्वेला डोंगरावर ढग चढले. आणि मग परतीचा पाऊस आला, वाऱ्यासकट, आडवा. रस्त्याकडेच्या कंदीलवाल्याने कंदील गुंडाळले. पापडवालीने ताडपत्री ओढली. आमच्या शेजारी डोंगराकडची एक बाई काकड्या घेऊन बसली होती. ती आपली बांबूची जुनी पाटी उचलायला गेली आणि भिजलेल्या पाटीचा तळच सुटला. काकड्या गडगडत चिखलात, काही थेट रस्त्यावर. एक एसटी त्यांच्यावरून गेली.

"घे गो, घे!" म्हणत यमुनाकाकींनी सगळ्यात मोठी टोपली तिच्याकडे फेकली. बेबी आणि मी धावलो. भर पावसात आम्ही काकड्या गोळा केल्या, टोपली भरली. उचलवेना, तेव्हा काकींनी कडी धरून ती भरलेली टोपली चिखलातून फरफटत शेडमध्ये आणली. पन्हळीखाली धरली. वरून पाणी पडलं, खालून चिखल वाहून गेला, आणि स्वच्छ हिरव्या काकड्या टोपलीत निथळत राहिल्या.

शेडमध्ये पावसामुळे बरीच माणसं गोळा झाली होती. ती सगळी हे बघत होती. त्यातल्या एका आजोबांनी पुढे होऊन टोपलीचा तळ चाचपला. "घसटली पण नाही," ते म्हणाले. मग एका बाईंनी भाजीला म्हणून दोन घेतल्या. कोणी खेळण्यांसाठी, कोणी पूजेच्या फुलांसाठी, कोणी नुसतीच आवडली म्हणून. काकडीवाली मात्र टोपली परत द्यायला लागली. काकी म्हणाल्या, "र्‍हाऊ दे तुला. मना काकडी दे चार." त्या आम्ही तिथेच मीठ लावून खाल्ल्या. पाऊस पडत होता, बोर्ड कधीच वाऱ्याने उडून गेला होता आणि त्याची कोणाला आठवण नव्हती.

त्या दिवाळीला काकी अष्टमीला गेल्या त्या तिथेच राहिल्या. नरेशने गॅलरीत खुंट्या ठोकल्या होत्या, एकेका रंगाच्या पट्ट्या टांगायला. गावातल्या ओटीवर बेबीचा कारभार सुरू झाला.

आता काही वर्षांनी सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. प्लास्टिकची टोपली शेवटी प्लास्टिकचीच, हे मलाही कळतं. काही हंगाम टोपल्या फळीवर धूळ खात पडतात. पुढे ओटीवर शिकायला आलेल्या दोन तरुण सुना कंपनीत कामाला लागल्या, त्यांना विणण्यात गम्य नाही आणि त्यांचंही बरोबर आहे. गावाचा बांध नव्याने घालायचं चाललंय, चालूच आहे. खारं पाणी अजून शेतातच आहे. काकींची नजर मंद झाली. आता त्या बोटांनी चाचपून काठ वळतात, आणि चुकला तर शिव्या घालून उसवतात. पण दर ऑक्टोबरात माझ्या दुकानामागच्या बादल्यांच्या कड्या कोणीतरी न्यायला येतं, हे मात्र चुकलेलं नाही. या महिन्याची मी वाट बघते. आधी बघत नव्हते.

गेल्या आठवड्यात काकींना भेटायला अष्टमीला गेले होते. रोह्याला उतरून पुलावरून चालत निघाले. कुंडलिका भरून वाहत होती, पाण्यावर ऊन पडलं होतं. पूल संपतो तिथे एक मासळीवाली बसली होती, तिशीतली, तोंडात पान. तिच्या पुढ्यात पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची उथळ टोपली, आत मांदेली. टोपलीचा काठ एका बाजूला झिजला होता आणि तिथे कोणीतरी हिरवी पट्टी घालून तो दुरुस्त केला होता. ती आमच्याकडची नव्हती. बेबीच्या हातची नाही, काकींची तर नाहीच. विणीचा पीळ उलटा होता. म्हणजे आमच्या माहितीत नसलेलं कोणीतरी, कुठेतरी, या टोपल्या करत होतं.

मी वाकून बघत राहिले.

"काय बघतेस ताई? ताजी हायत."

"टोपली बघतेय," मी म्हटलं. "कुठून आणली?"

"बाजारात मिलते की."

"कशाची आहे गं ही?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. या बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना, असा तिचा चेहरा झाला.

"कशाची म्हंजे?" ती म्हणाली. "मासलीची."